घाट उतरताना ऑइलचा दिवा लुकलुकतो, जुन्या जीपला ड्राय सम्प बसवावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव चिखलदरा तालुक्यात, आतल्या रस्त्याला. घरी जुनी डिझेल जीप आहे. गावात कोणी आजारी पडलं, कोणाचं बाळंतपण अडलं, की रात्री-बेरात्री परतवाडा नाहीतर अचलपूरला हीच गाडी निघते. तिचं इंजिन बसलं तर साऱ्या गावाचं अडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सपाटीला अमरावतीपर्यंत कितीही चालवा, ऑइलचा दिवा पेटत नाही. घाट उतरताना मात्र ब्रेक दाबून वळण घेतलं की क्षणभर लुकलुकतो, वळण सरलं की बंद. चढताना होत नाही. पट्टीवर ऑइल दोन खुणांच्या मधोमध आहे, ऑइल-फिल्टर वेळेवर बदललेलं, गळती नाही. इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरला खालून दगडाचा पोचा आहे, पण तो जुनाच.

मिस्त्री म्हणतात, "भाऊ, सेन्सर बदलून टाका, काही होत नाही." नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणतो, "मामा, ड्राय सम्प बसवा, रेसच्या गाड्यांना तोच असतो."

मला समजलं ते असं. आपल्या जीपमध्ये वेट सम्प आहे, म्हणजे सगळं ऑइल इंजिनखालच्या चेंबरमध्येच असतं आणि पंप ते जाळीतून ओढतो. ड्राय सम्पमध्ये ऑइल वेगळ्या टाकीत राहतं. एक पंप तिथून इंजिनला देतो, दुसरा खाली पडलेलं उपसून परत टाकीत पाठवतो. गाडी कशीही कलली तरी पंपाला ऑइल मिळतं, शिवाय चेंबर उथळ असल्याने इंजिन खाली बसवता येतं. आमच्या मोठ्या बाबांच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये हीच पद्धत आहे, टाकी क्रँककेसच्या ओतकामातच आहे. मग बुलेटला जमतं ते जीपला का जमू नये? खर्चाचं पाहू, पण हा उपाय खरा आहे का ते सांगा.

प्रतिसाद १

दादा, आधी सेन्सरचं. हा दिवा साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली दाब गेला की पेटतो. दिवा खरं सांगत असेल तर त्या क्षणी बेअरिंगला दाब जवळपास नाहीच. म्हणून सेन्सर काढून त्या जागी नळीचं दाबमापक लावा, इंजिन पूर्ण तापू द्या आणि सपाट जागी आयडलवर दाब पाहा. तिथेच कमी दिसला तर बेअरिंग, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) तपासायचा. तिथे चांगला आणि फक्त वळणावर पडत असेल, तर जाळीपर्यंत ऑइल पोचत नाही. विहिरीत फुटव्हॉल्व्ह उघडा पडला की मोटर हवा ओढते, तसं.

आता ड्राय सम्प. ताशी 20 किमीने 12 मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर बाजूचा जोर गुरुत्वाच्या पाव पट येतो, म्हणजे ऑइलचा पृष्ठभाग 15 अंशांच्या आसपास कलतो. त्यात उतार आणि ब्रेक मिळून ऑइल पुढे सरकतं. रेसच्या गाडीत हाच जोर गुरुत्वाच्या कित्येक पट असतो आणि लांब वळणावर टिकून राहतो, म्हणून तिथे टाकी आणि उपसणारे पंप लागतात. बुलेटचं इंजिन मुळातच तसं बनवलेलं आहे. जीपला मात्र पट्ट्यावर चालणारा पंप, टाकी, नळ्या, सगळं बाहेरून जोडावं लागेल. मेळघाटातल्या खडकाळ रस्त्यावर एक नळी फुटली की इंजिन गेलं, आणि सुटा भाग परतवाड्यात मिळणार नाही. रुग्ण नेणाऱ्या गाडीला मी हे करणार नाही.

माझा संशय तुम्ही सहज लिहून गेलात त्या पोच्यावर आहे. पत्रा आत दबला की जाळी आणि तळ यांमधली फट कमी होते. तापलेलं ऑइल पातळ असतं, उतारावर आरपीएमही कमी, त्यामुळे दाब आधीच उतरलेला असतो. चेंबर उतरवून पाहा. तोवर ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याच्या वर नको. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि दाब आणखी पडतो.

धागाकर्ता

भाऊ, मनापासून आभार. चेंबर उतरवलं. पोचा बरोबर जाळीखालीच आहे, फट फार थोडी उरली होती आणि जाळीवर काळा गाळही जमलाय. पत्रा ठोकून सरळ करू की दुसरं चेंबर शोधू? आणि ऑइल एकदम पुढे सरकू नये म्हणून चेंबरच्या आत आडव्या पट्ट्या घालून घ्याव्या का?

प्रतिसाद १

पत्र्याला चीर नसेल तर ठोकून चालेल, पण गॅसकेट बसते ती कड सपाट आहे का ते काचेवर ठेवून पाहा. पट्ट्या घाला, फक्त त्यांच्या खालून ऑइलला जाळीकडे परत यायला वाट ठेवा आणि क्रँकला त्या लागत नाहीत याची खात्री करा. खाली जाड पत्र्याचं संरक्षण लावा. गाडी जोडल्यावर दाबमापक तसंच ठेवून घाट उतरा आणि आकडे इथे लिहा.