डोंगर आणि किनारा एकाच दिवसात: निघायचं किती वाजता?

धारेवरची_वाट:
एका दिवसाचा बेत आहे. सात जण, त्यातले दोघे पहिल्यांदाच डोंगर चढणार. चढ ६०० मीटर, पलीकडे तेवढाच तीव्र उतार, मिळून ९ किमी. खाली उतरलं की कड्याच्या पायथ्याशी ३ किमी किनारा, त्यातला मधला १ किमी निव्वळ खडक. त्या दिवशी पूर्ण ओहोटी दुपारी २.१० ला, सूर्यास्त ६.२० ला. मॅप ॲप सगळे मिळून चार तास दाखवतंय, म्हणून काहींचं म्हणणं आरामात १० ला निघू. चालेल का? पाणी किती, बूट कसे? आणि पावसामुळे बेत आठवडाभर पुढे गेला तर ह्याच वेळा ठेवायच्या ना?

काठाकाठाने:
१० ला निघू नका. आधी खडकांची वेळ पक्की करा आणि तिथून मागे मोजत या.

डोंगराचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने करा. १८९२ चा आहे, पण अजून त्याहून सोपा सापडलेला नाही: ताशी ५ किमी, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. म्हणजे ९ किमीला १ तास ४८ मिनिटं, चढाचा १ तास. तीव्र उताराला दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वाढवतात, ती २०. झाले ३ तास १० मिनिटं. पण हा वेळ सराईत आणि न थांबता चालणाऱ्यांचा. नवखे सोबत असताना दीडपट धरा, पावणेपाच तास. त्यात तासामागे १० मिनिटं विश्रांती घाला. साडेपाच तास. ॲपवाल्या चार तासांत ना विश्रांती असते, ना दर वळणावर थांबून काढलेले फोटो.

वाळूवर दुपारी १ ला पाय पडायला हवा, म्हणजे खडक १.२० ते २.२० मध्ये पार होतील. पाणी उतरत असताना शिरायचं आणि ते वळायच्या सुमारास बाहेर पडायचं. १ मधून साडेपाच तास वजा केले की सकाळी ७.३०.

१० ला निघालात तर खडकांवर ३.५० ला पोचाल. ओहोटीनंतर पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत ते साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी चढतं. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर असेल तर पहिल्या तासात जेमतेम २५ सेंमी, दुसऱ्यात ५०, आणि तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी ७५. ४.१० नंतर नेमका तो तिसरा तास सुरू होतो आणि तुम्ही खडकांच्या मधोमध. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी.

उधाण_भांग:
आठवडाभर पुढे ढकललंत तर सगळं उलटं होईल. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत ३५० मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास. आज २.१० ला ओहोटी, तर पुढच्या आठवड्यात साधारण त्याच वेळेला भरती! पंधरवडा पुढे गेलात तर वेळा बऱ्याच जुळतात. तरी भरती-ओहोटीचा तक्ता नव्याने बघाच.

तक्त्यात वेळेशेजारी पाण्याची उंचीही असते, ती कोणी वाचत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप आत जातं आणि तितकंच वर येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओहोटीलाही पाणी फारसं हटत नाही, काही खडक उघडेच पडत नाहीत. त्यात वारा समुद्राकडून जोरात असेल तर लाटा तक्त्यापेक्षा वर चढतात.

धारेवरची_वाट:
हे लक्षातच आलं नव्हतं. ७.३० पक्कं. बूट-पाण्याचं कोणी सांगेल का?

टाचेची_गाठ:
पाणी तासाला माणशी अर्धा लिटर. विश्रांतीसकट सात तास, म्हणजे साडेतीन लिटर. ऊन कडक असेल तर चार.

बूट डोंगराचेच, किनाऱ्यावरही तेच. चपला घालून किंवा अनवाणी खडकांवर जाऊ नका. हिरवा बुळबुळीत थर आणि काळी ओली चकाकी दिसली की तिथे पाय द्यायचा नाही. बारीक शिंपल्यांचा खरखरीत थर असलेला खडक तळव्याला धरून ठेवतो, फक्त हात टेकलात तर कापेल. खडकांआधी बूट झटकून वाळू काढा आणि कोरडे मोजे चढवा, नाहीतर तीच वाळू फोड आणते.

उतार लागण्यापूर्वी लेस पुन्हा बांधा. वरच्या दोन भोकांतून लेस त्याच बाजूला आत घालून छोटा फासा ठेवा, दुसऱ्या बाजूची लेस त्यातून काढा, ओढा, मग गाठ. टाच मागे घट्ट बसते आणि पायाची बोटं पुढे आपटत नाहीत. नखं दोन दिवस आधी कापा. टाच हुळहुळली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

काठाकाठाने:
एक राहिलं. माथ्यावर पोचायची शेवटची वेळ आधीच ठरवा. निम्मं अंतर चढाचं धरलं तर ह्या हिशेबाने १०.५० पर्यंत पोचायला हवं. ११ वाजले तरी माथा आला नसेल तर किनारा रद्द, आल्या वाटेने परत. हे पायथ्याशीच सगळ्यांना सांगा, वर गेल्यावर कोणी ऐकत नाही. सगळ्यात संथ माणूस पुढे आणि वाट माहीत असलेला एक जण शेवटी.

किनाऱ्यावरून कड्यावर चढायच्या वाटा कुठे आहेत त्या नकाशावर आधीच खुणा करून ठेवा. रेंज नसली की फोन ती शोधण्यातच बॅटरी संपवतो, म्हणून विमान मोडवर ठेवा, जीपीएस तरी चालतं. नकाशा मात्र घरूनच उतरवून घ्या.

धारेवरची_वाट:
१० वाल्यांना हिशेब पाठवला. एकाचा प्रश्न: मग ७ लाच का नाही?

काठाकाठाने:
चालेल की. वेळ उरला तर माथ्यावर बसा, खडकांवर नको.