पंचायतीच्या वॉर्डांचं आरक्षण इतक्या उशिरा का कळतं?

सत्तरीकर
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या 2022 च्या पंचायत निवडणुकीत माझी वहिनी उभी राहणार होती. दोन वर्षं वाड्यावर लोकांची कामं केली, रेशनकार्ड, नळाचं कनेक्शन, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे फॉर्म, आणि ऐनवेळी वॉर्ड राखीव झाला. आरक्षणाला माझा विरोध नाही, ज्याचा हक्क त्याला मिळायलाच पाहिजे. पण कळलं कधी, तर फॉर्म भरायच्या तोंडावर. ज्यांना राखीव जागेवर संधी मिळाली त्यांचीही धावपळच झाली. आता 2027 ला परत निवडणूक येणार. हे आधी जाहीर करता येत नाही का? आणि आक्षेप घ्यायचा तर कधी घ्यायचा?

मडगावचो_वकील
भाऊ, तुमच्या प्रश्नातलं "कधी" हेच सगळ्यात महत्त्वाचं. 2021 मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं आरक्षण हायकोर्टानं 1 मार्चला रद्द केलं. पालिका प्रशासन संचालकांनी काढलेल्या त्या अधिसूचनेत महिलांचं एक तृतीयांश आरक्षण नीट पाळलं नव्हतं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि 12 मार्चला तिथेही हरलं. वर कोर्टानं हेही सांगितलं की सरकारी नोकरीत असलेला माणूस राज्य निवडणूक आयुक्त असू शकत नाही, कारण तेव्हा आपल्याकडे कायदा सचिवांकडेच आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार होता. म्हणजे ज्या सरकारवर लक्ष ठेवायचं त्याच सरकारचा अधिकारी पंच म्हणून उभा! हा निकाल नंतर देशभर लागू झाला, तरी सुरुवात आपल्या गोव्यातून झाली हे मला फार मोलाचं वाटतं.
तर मुद्दा असा, निवडणुकीचा कार्यक्रम एकदा जाहीर झाला की कोर्ट शक्यतो हात घालत नाही (पंचायतींसाठी घटनेचं कलम 243 ओ बघा). म्हणून आरक्षणाचा मसुदा आला की त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही.

बार्देशची_पंच
मी एक टर्म पंच (पंचायतीची सदस्य) होते, म्हणून दुसरी बाजू मांडते. खूप आधी जाहीर केलं तर वर्षभर मतदारांची नावं एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवण्याचे उद्योग चालतील. आमच्या वॉर्डात जेमतेम चारशे मतं, तिथं वीस नावं इकडची तिकडं झाली तरी निकाल फिरतो. तीन महिने आधी जाहीर झालं तर दोन्ही बाजूंना पुरे. मला खरं दुःख आरक्षण फिरतं याचं आहे. बाई पहिल्या पाच वर्षांत काम शिकते, ग्रामसभा सांभाळायला लागते आणि पुढच्या वेळी वॉर्ड खुला झाला की घरचेच म्हणतात, आता तू बस.

शिक्षक_फोंडा
मी 10 ऑगस्ट 2022 ला पोलिंग ड्युटीवर होतो, 186 पंचायतींचं मतदान एकाच दिवशी. बाहेर धो धो पाऊस, कागदी मतपत्रिका, बॉक्स प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेले. 1999 च्या विधानसभेला सगळ्या मतदारसंघांत ईव्हीएम वापरणारं पहिलं राज्य आपलं गोवा, आणि पंचायतीला आम्ही शिक्के मारतोय! पण पावसात निवडणूक का आली ते विसरू नका. जूनमध्ये मुदत संपली, ओबीसी आरक्षणासाठीच्या आकडेवारीचं काम अपुरं म्हणून पुढे ढकलायचं चाललं होतं, शेवटी हायकोर्टानं 45 दिवसांत घ्या सांगितलं तेव्हा हललं. मुदत संपायची तारीख पाच वर्षं आधीपासून माहीत असते, मग आकडेवारी शेवटच्या महिन्यात का गोळा करायची?
अजून एक, मोजणी वॉर्डाप्रमाणे होते. चारशे मतांच्या वॉर्डात कोणत्या घरानं कुणाला मत दिलं ते लोक बरोबर ओळखतात आणि पुढची पाच वर्षं त्या घराची कामं अडतात. यावर कोणीच बोलत नाही.

सत्तरीकर
सर, शेवटचं अगदी खरं, आमच्याच वाड्यावर असं घडलंय. ताई, तीन महिन्यांचं पटलं. वहिनीला हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणते वॉर्ड कुठलाही येवो, यावेळी मसुदा लागला की पहिली हरकत तीच देणार. वकीलसाहेब, हरकत इथल्या मामलेदारांकडे द्यायची की थेट पणजीला आयोगाकडे?

मडगावचो_वकील
मसुद्यातच कुणाकडे आणि किती तारखेपर्यंत ते लिहिलेलं असतं, तिथंच द्या. एक प्रत आयोगालाही पाठवा, पोचपावती जपून ठेवा.