मदत हवी आहे: गोठ्याच्या माळ्यावरची पितळी घागर आपोआप तडकली

नमस्कार मंडळी. आम्ही वाळवा तालुक्यातले. आजीच्या लग्नातली पितळी घागर पन्नासेक वर्षं रोज पाण्याला होती. नळ आल्यावर ती आणि दोन कळश्या गोठ्याच्या माळ्यावर गेल्या. परवा श्रावणातल्या पूजेसाठी काढली, तर गळ्यापासून पोटापर्यंत उभी चीर! पडली नाही, आपटली नाही. पत्रा कुठे झिजलेला नाही, चेमटलेलाही नाही. काचेला तडा जावा तशी गेली आहे. आईला फार लागलं ते.

माझी शंका गोठ्यावर आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि ठोकून-ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, हे कारण 1921 मध्ये सिद्ध झालं. आमच्या माळ्याखाली चार म्हशी आहेत, पावसात तर डोळे चुरचुरतात.

कळश्या आता घरात आणल्यात. त्यांच्यातला ताण काढायला साधारण 250 ते 300 अंशांवर तासभर तापवतात असं वाचलं, पण कथील 232 अंशांनाच वितळतं, म्हणजे आतली कल्हई जाणार. आधी तापवून मग कल्हई करावी का? आणि घागरीला ब्रेझिंग (तापवून, दुसरा धातू वितळवून चीर सांधणं) केलं तर चीर पुढे सरकेल का? सांगली, इस्लामपूर, कराड भागात हे काम जाणणारे जुने तांबट कुणाला माहीत असतील तर कृपया कळवा. फोटो टाकतो. घागर मोडीत द्यायची नाही.