सल्ला हवा: भावाने आणलेला वर्टचा डबा आणि फोंड्याचा उकाडा (बजेट ५,०००)

फोंडेकार_८६
नमस्कार मंडळी. भाऊ जहाजावर आहे. चवथीला घरी आला तेव्हा ऑस्ट्रेलियातून बिअरच्या तयार वर्टचा, म्हणजे न आंबवलेल्या गोड जवाच्या रसाचा, डबा घेऊन आला. कूपर्सचा, १.७ किलो, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आधीच घातलेले, काकवीसारखा घट्ट. २३ लिटर बिअर होते असं डब्यावर लिहिलंय, झाकणाखाली यीस्टची पुडी आहे. तो आता परत गेला, जानेवारीच्या अखेरीस येईल. तो येईल त्या दिवशी त्याच्याच डब्याची बिअर त्याच्यासमोर ठेवायची, एवढीच इच्छा.

इडलीच्या पिठापलीकडे मी काही आंबवलेलं नाही. फ्लॅट वरच्या मजल्यावर, दुपारी खोलीत ३२ अंश. डबा सोडून बाकी सगळ्या सामानासाठी ५,००० रुपये आहेत, त्यावर एक रुपया नाही. काय घेऊ, काय टाळू? आणि या उकाड्यात जमेल का?

पर्वरी_ब्रू
डबा कुणाला तरी देऊन टाका आणि धान्यापासून सुरुवात करा. मी सहा वर्षं करतोय. स्टीलचा शंकूच्या बुडाचा फर्मेंटर (आंबवायचं भांडं), त्याला वेगळा फ्रिज, वर्ट गार करायला तांब्याची कॉइल. चाळीसेक हजार गेले, पण माझी गव्हाची बिअर प्यायलेला माणूस बाजारातली बाटली परत मागत नाही. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, गाळायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं. सकाळी सुरू केलं की दुपारी जेवायला मोकळे.

फोंडेकार_८६
दादा, बजेट ५,००० आहे. आणि डबा भावाने आणलाय, देऊन टाकायचा प्रश्नच नाही.

काजूभाट
आमची भाटी, काजूची दारू गाळायची भट्टी, तीन पिढ्यांची. काजूचे बोंडू तुडवले, त्यांचा रस म्हणजे निरो पिंपात भरला, तीन दिवसांत आपसूक फसफसतो. पुडी नाही, थर्मामीटर नाही, फ्रिज तर नाहीच. तेही मार्च-एप्रिलच्या उन्हात! मग भाण (गाळायचं भांडं) चढवायचं, हुर्राक, म्हणजे पहिल्या गाळणीची दारू, उतरवायचा. बाबा, गोव्यात राहून जवाच्या पाण्यामागे कशाला लागता? फेब्रुवारीपर्यंत थांबा, मी पहिल्या धारेचा देतो.

वास्को_बोसन
काका, तुमचा निरो भाटीवर जातो. बिअर आंबते तशीच प्यायची असते. जे जंगली यीस्ट आणि जंतू आत शिरतील, त्यांची चव ग्लासात राहणार. शिवाय निरो मुळात आंबट, त्यात वाईट जंतू सहज वाढत नाहीत. वर्ट गोड आणि सौम्य असतं, त्यात सगळं वाढतं. म्हणून पुडी आणि म्हणूनच स्वच्छता.

फोंडेकार, मी बावीस वर्षं समुद्रावर होतो, हे डबे मेलबर्नमध्ये पहिल्यांदा बघितले. तिथे दोन प्रकार मिळतात. एक तुमच्यासारखा, पाणी आटवून घट्ट केलेला. दुसरा म्हणजे न आटवलेलं ताजं वर्ट, पंधरा-वीस लिटरच्या चौकोनी कॅनमध्ये गरमागरम भरून सील केलेलं. त्यात फक्त यीस्ट टाकायचं. चव त्याची सरस, पण एवढं वजन बॅगेतून कोण आणणार? तुमचा डबा चांगला आहे. मॉल्टचं, हॉप्सचं, उकळण्याचं काम त्यात झालेलं आहे. पुन्हा उकळू नका, हॉप्सचा वास उडतो. दोन लिटर गरम पाण्यात विरघळवा, मग उकळून फ्रिजमध्ये गार केलेलं पाणी घालून २३ लिटर करा.

पण यीस्ट क्वाइक घ्या. नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट, ३५ अंशांतही खुशाल काम करतं. मे महिन्यात माझ्या बाल्कनीत चार दिवसांत आंबून तयार. संत्र्याचा वास येतो, मला तो फार आवडतो.

शुक्रवारचा_बाजार
माझं ऐका, कारण मी भोगलंय. मेमध्ये डब्याची बिअर लावली. चौथ्या दिवशी एअरलॉकचे (गॅस बाहेर सोडणाऱ्या, हवा आत न येऊ देणाऱ्या झाकणावरच्या नळीचे) बुडबुडे थांबले, मला वाटलं झालं. काचेच्या बाटल्यांत भरली, गॅस भरावा म्हणून प्रत्येकीत साखर घातली. आठव्या रात्री दोनला पहिली फुटली, पहाटेपर्यंत एकवीस. स्वयंपाकघराच्या फरशीवर काच, माझी मुलगी सात वर्षांची, देवाची कृपा की ती उठली नाही. बुडबुड्यांवर कधीही विश्वास ठेवू नका. हायड्रोमीटर घ्या, दोनतीनशेत मिळतो. द्रव पाण्यापेक्षा किती जड ते तो दाखवतो, साखर आंबून संपत जाते तसा आकडा उतरतो. आकडा सलग तीन दिवस तोच आला पाहिजे, साधारण १.०१० च्या आसपास. तोपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही.

पर्वरी_ब्रू
हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेला असतो. ३० अंशांच्या वर्टमध्ये तो दोन-तीन अंकांनी, म्हणजे ०.००२-०.००३ ने, कमी दाखवतो. हे कुणी सांगत नाही.

शुक्रवारचा_बाजार
दोन अंकांनी बाटली फुटत नाही हो. घाईने फुटते.

पर्वरी_ब्रू
मी फुटण्याबद्दल बोललोच नाही. अल्कोहोलचा हिशेब चुकतो एवढंच म्हटलं.

सावर्ड्याची_शमा
काचेच्या बाटल्या घेऊच नका ना पहिल्या वेळी. सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या घ्या, त्या दाब सहन करतात. दाबून बघता येतात, दगडासारखी लागली की समजायचं गॅस भरला, फ्रिजमध्ये टाकायची. मी आल्याची बिअर अशीच करते. ७५० मिलीला एक सपाट चहाचा चमचा साखर, जास्त नाही. अंधारात ठेवा, प्लास्टिकमधून उजेड जातो.

आणि भांडी ब्लीचने धुतलीत तर खळखळून धुवा. क्लोरीन राहिलं की बिअरला दवाखान्यासारखी चव येते, ती जात नाही. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं, म्हणून पाणी उकळून घ्या. मी एकदा आळस केला आणि अख्खी बादली ओतून दिली, माझ्या नवऱ्याला अजून आठवते.

पेडण्याचा_वकील
एक गोष्ट कुणीच काढली नाही. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू तयार करता येत नाही आणि आंबवलेली बिअरही दारूच. काजूभाट काकांच्या भाटीलाही परवाना लागतो. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही, ते नियम इथे लावू नका. तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन घरगुती प्रमाणाबद्दल लेखी विचारा, मगच डबा उघडा.

काजूभाट
आमचा परवाना आहे. दरवर्षी पैसे भरतो.

म्हापशेकार_दत्ता
सगळे गुंतागुंत का करताय? ओला टॉवेल गुंडाळा, पंखा लावा, झालं. माझा पुण्याचा चुलतभाऊ असंच करतो.

वास्को_बोसन
पुण्याची हवा कोरडी. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये टॉवेलच वाळत नाही, तो गार काय करणार? पाणी उडालं तरच गारवा येतो. टब घ्या, त्यात फर्मेंटर उभा करा, अर्ध्यापर्यंत पाणी आणि गोठवलेल्या बाटल्या. सकाळी दोन, रात्री दोन. पण पहिले तीन दिवस सांभाळायचे, आंबताना वर्ट स्वतःच खोलीपेक्षा तीन-चार अंश चढतं. ३२ च्या खोलीत ते ३५ होईल. साध्या यीस्टला १८ ते २२ हवं, वर गेलं की डोकं धरणारी, थिनरसारख्या वासाची बिअर होते. म्हणून म्हणतो, क्वाइक.

म्हापशेकार_दत्ता
बरं, टब. पण फ्रिज सगळ्यात उत्तम. जुना सिंगल डोअर मी २,८०० ला घेतला, वर तापमान नियंत्रक ९०० चा. २० लावलं की २० च.

पर्वरी_ब्रू
फ्रिज घ्याच. हेच मी वर म्हटलं होतं.

सावर्ड्याची_शमा
फ्रिजमध्येच पैसे संपले की बादली, बाटल्या कशात? त्यांनी ५,००० लिहिलंय.

डिचोली_७७
मी ऑनलाइन असाच डबा मागवला, फुगलेला आला. परत घेतलाच नाही, पंधरा मेल केले. तुमचा डबा बघा, फुगला असेल तर वापरू नका. आणि पुडीवरची तारीख बघा. उन्हात फिरलेलं यीस्ट मरतं. ११ ग्रॅमची ताजी एल यीस्टची (थंडी न लागणाऱ्या साध्या बिअर यीस्टची) पुडी वेगळी घ्या. डब्यावर लागर (थंडीत आंबवायची बिअर) लिहिलं असलं तरी बऱ्याचदा आतली पुडी एलचीच असते, तेव्हा लागरच्या थंडीची चिंता नको. वर एक किलो साधी साखर घालायला सांगतात, तसं करू नका, बिअर पातळ होते. साखरेऐवजी सुकं मॉल्ट पावडर घाला.

काजूभाट
साखर नको म्हणतात तर मग गोड कशाने? गूळ घाला. काळा, कोल्हापुरी.

डिचोली_७७
काका, साखर गोडीसाठी नसते, यीस्ट ती खाऊन अल्कोहोल करतं. गूळही खाईल.

फोंडेकार_८६
सगळ्यांचे आभार. डबा तपासला, फुगलेला नाही, तारीख पुढच्या ऑगस्टची आहे. रात्रभर विचार करून ठरवलं ते लिहितो, कदाचित तुम्हाला पटणार नाही.

फ्रिज घेत नाही. क्वाइकही नाही. भावाला साधी बिअर आवडते, संत्र्याचा वास नको. फोंड्यात लावतच नाही. आईचं घर वाळपईच्या पुढे, मातीच्या भिंती, शेणाची जमीन. मधल्या खोलीत, जिथे आजी भाताचे कोठार ठेवायची, तिथे मेमध्येही पाय गार पडतात. डिसेंबरात सत्तरीतल्या रात्री पांघरूण लागतं. परवा तिथे थर्मामीटर टांगून आलो, तर पहाटे २४ होतं, आणि पाऊस अजून गेलेला नाही. एक डिसेंबरला लावेन, दोन आठवड्यांनी बाटल्या, जानेवारीच्या अखेरीपर्यंत सहा आठवडे मिळतात.

खरेदी अशी: झाकणाची अन्नाची बादली आणि एअरलॉक ९००, हायड्रोमीटर ३००, थर्मामीटर घेतलेला आहे, एल यीस्ट ४५०, मॉल्ट पावडर एक किलो ८००, निर्जंतुकीकरणाचं द्रव्य ७००, सोड्याच्या बाटल्या गोळा करतोय, टब आईचा. तीन हजारांच्या आसपास होतं. पाहुण्यांना न देता फक्त घरात प्यायची.

वास्को_बोसन
सहा आठवडे पुरेसे आहेत. पण मातीच्या घरात बादलीचं झाकण घट्ट ठेवा, शेणाच्या जमिनीवर जंतू भरपूर. बादली पाटावर ठेवा, जमिनीवर नको.

पर्वरी_ब्रू
फ्रिज घेतला असता तर आजच लावली असती.

सावर्ड्याची_शमा
पाटाचं बोसन दादांचं बरोबर आहे. बादली उघडताना खिडकी बंद ठेवा आणि वर्ट घालताना बोलू नका, तोंडावर रुमाल बांधा.

फोंडेकार_८६
पाट आहे, आजीचाच. डबा सध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी आहे. सोमवारी सकाळी वाळपईच्या अबकारी कार्यालयात अर्ज घेऊन जातो, उत्तर येईपर्यंत झाकण उघडणार नाही.