दवाखाना सोडून आरोग्य विम्याच्या व्यवस्थापनात जावे का?

प्रश्न: निपाणीचा फिजिशियन

मी एम.डी. मेडिसिन असून गेली १४ वर्षे निपाणीत १२ खाटांचे रुग्णालय चालवतो. तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात आयुष्य गेलेली माणसे धाप घेऊन येतात, ऊसतोडीच्या हंगामात सर्पदंश येतात, आणि कागल-गडहिंग्लजकडचे रुग्णही आमच्याकडेच उतरतात. आता बेंगळूरच्या एका विमा कंपनीने मला क्लेम विभागात वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी म्हणून बोलावले असून दोन वर्षांत विभागाचे व्यवस्थापन सोपवण्याची तयारी दाखवली आहे.

मी या गोष्टीचा विचार करू लागलो त्याचे कारण सांगतो. ३ वर्षांपूर्वी एक शिक्षक हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झाले. घाईत आमच्या निवासी डॉक्टरांनी केसपेपरवर ‘रक्तदाब ५ वर्षांपासून’ असे लिहिले. त्यांच्या पत्नीने प्रत्यक्षात एवढेच सांगितले होते की, ५ वर्षांपूर्वी एका शिबिरात रक्तदाब जरा जास्त भरला होता. त्यानंतर ना निदान झाले, ना गोळी सुरू झाली. पॉलिसी दुसऱ्या वर्षात होती. आजार लपवल्याचे कारण देऊन क्लेम नाकारला गेला आणि मी दिलेले खुलाशाचे पत्र मागाहून तयार केलेले मानले गेले. शेवटी त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढून बिल भरले. चूक आमच्या केसपेपरची होती, हे मला आजही बोचते.

तिथे जाऊन अशा निर्णयांत खरोखर काही बदलता येते, की मीच उद्या तशी पत्रे लिहीत बसेन? ४ वर्षांनी परत येऊन रुग्ण तपासावेसे वाटले तर हात राहील का?

उत्तर १: मूळ खानापूरचा, सध्या बेंगळूर

डॉक्टर, मी ९ वर्षांपूर्वी हाच रस्ता धरला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले वर्ष तुम्हाला जड जाईल. रुग्ण समोर नसतो, त्याचे कागद असतात. प्री-ऑथची, म्हणजे उपचाराला आगाऊ मंजुरी मागणारी, विनंती, प्रवेशाच्या वेळची टिपणे, तपासण्या आणि डिस्चार्ज कार्ड यांवरून उपचार गरजेचा होता का आणि तो पॉलिसीच्या अटींत बसतो का, हे ठरवायचे असते. मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा (रुग्णाऐवजी कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देण्याचा) निर्णय १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी लागते, त्यामुळे घड्याळ सतत डोक्यावर असते. त्याच परिपत्रकाने असेही बंधन घातले की, क्लेम नाकारण्याचा निर्णय एकट्या अधिकाऱ्याने घ्यायचा नाही, तो पुनरावलोकन समितीच्या संमतीनेच व्हायला हवा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. त्या समितीत केसपेपर कसा आणि कोणत्या घाईत लिहिला जातो हे स्वतः अनुभवलेला माणूस बसलेला असला, तर निर्णय बदलतात; मी ते अनेकदा पाहिले आहे.

तुमच्या शिक्षकांचेच प्रकरण घ्या. ‘पूर्वीचा आजार’ म्हणायचे तर पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ठरावीक काळात डॉक्टरांनी त्याचे निदान केलेले असावे किंवा उपचार दिलेला अथवा सुचवलेला असावा, अशी व्याख्या आहे. हा काळ आता ३६ महिन्यांचा आहे. शिबिरातला एक आकडा हे निदान नव्हे. पण केसपेपरवरच्या त्या चार शब्दांमागे निदान आहे की नुसता आकडा, हे ओळखण्यासाठी पलीकडच्या डॉक्टरला फोन करून विचारण्याची सवय लागते, आणि ती सवय ज्याने कधी वॉर्डात रात्र काढलेली नाही अशा माणसाला सहसा नसते.

होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या: त्या समितीत तुम्हाला मत असेल की केवळ टिपण लिहायचे असेल, आणि कामाचे मोजमाप दिवसाला किती फाइली उरकल्या यावरच होते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर मी तुम्हाला जा म्हणणार नाही.

व्यवस्थापनाकडे जायचे तर क्लेमबरोबरच जोखीम तपासून पॉलिसी देण्याचे काम आणि रुग्णालयांशी दर ठरवण्याचे काम शिकून घ्यावे लागते. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात. लायसेन्शिएट या पहिल्या पायरीच्या परीक्षेपासून सुरुवात करा.

उत्तर २: बेळगावच्या एका रुग्णालयातील विमा कक्ष

मी डॉक्टर नाही, पण ११ वर्षे विमा कक्षात काम करते, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहिते. आमच्या खिडकीवर एकाच सकाळी चंदगडचा रुग्ण महात्मा फुले योजनेविषयी विचारतो, खानापूरचा रुग्ण आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचे कार्ड पुढे करतो, सहकारी सोसायटीचे सभासद त्यांच्यासाठीच्या यशस्विनी आरोग्य योजनेचे कार्ड आणतात, आणि खासगी पॉलिसीवाले वेगळेच. पॉलिसी बहुतेक वेळा इंग्रजीत असते आणि विचारणारी आजी केवळ मराठी जाणते.

सर्वांत जास्त वाद खोलीच्या भाड्यावरून होतात. पॉलिसीत दिवसाला ३,००० रुपयांची मर्यादा असताना ६,००० ची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा मंजूर होतो. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या त्यातून वगळलेल्या असतात. हे दाखल होताना कोणी सांगत नाही, ते डिस्चार्जच्या दिवशी कळते. सर, आपण व्यवस्थापनात गेलात तर ही माहिती पहिल्या मंजुरीपत्रातच आणि रुग्णाच्या भाषेत द्यायला लावा. आम्हाला पलीकडून ‘अधिक माहिती पाठवा’ अशी एकच ओळ येते; कोणती माहिती, हे लिहिणारा अधिकारी मिळाला तर आमचा अर्धा दिवस वाचतो आणि नातेवाईकांचा रात्रभराचा ताण वाचतो.

उत्तर ३: चिकोडीचा सर्जन

मी वरील दोघांशी पूर्ण सहमत नाही. निपाणीत रात्री २ वाजता छातीत दुखणारा रुग्ण आला तर फिजिशियन किती जण आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही निघालात तर अशा रुग्णांपैकी काहींचा वेळ कोल्हापूरच्या वाटेवरच जाईल. केसपेपर नीट लिहिण्याचे शिक्षण आपल्या निवासी डॉक्टरांना देणे, हे काम निपाणीत बसूनही होते, आणि माझ्या मते ते अधिक तातडीचे आहे. हात राहण्याविषयी विचारलेत म्हणून सांगतो: फिजिशियनची नजर आठवड्याच्या एका ओपीडीनेही टिकते, सर्जनची टिकत नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचाही मनापासून आभारी आहे. चिकोडीच्या सरांचा मुद्दा मला सर्वाधिक लागला. मी कंपनीला समितीतील मताविषयी आणि फाइलींच्या मोजमापाविषयी लेखी विचारले आहे, तसेच शनिवारी निपाणीत ओपीडी करण्याची परवानगी करारातच मागितली आहे. उत्तर येण्यास १५ दिवस लागतील. तोवर माझ्या भागीदाराशी बोलून रात्रपाळीसाठी दुसरा फिजिशियन मिळतो का ते पाहतो. तो मिळाल्याशिवाय मी होकार कळवणार नाही. आमच्या प्रवेशाच्या केसपेपरवर कालपासून ‘निदान कोणी आणि केव्हा केले, औषध सुरू आहे का’ असा स्वतंत्र रकाना छापून घेतला आहे.