खरं कसब ब्रेक सोडण्यात

फॉर्म्युला वन शर्यतींबद्दल ‘गाडीच सगळं करते, ड्रायव्हरने फक्त जिगर दाखवायची’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. जिगर लागतेच, पण सरळ पट्ट्यावर अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खरं कसब ब्रेकवर दिसतं, आणि त्याहून जास्त ब्रेक सोडताना. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसला, म्हणजे ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, बंदी आहे. ताशी ३०० किमीला गाडीचे पंख हवेच्या जोरावर तिला जमिनीशी दाबून धरतात, म्हणून सुरुवातीला ब्रेकच्या पेडलवर १०० किलोहून जास्त जोर देता येतो. वेग निम्मा झाला की हा हवेचा दाब मात्र एक चतुर्थांशावर येतो! पायाचा जोर तसाच राहिला तर चाक जागीच लॉक होतं आणि टायर धूर सोडत घासत जातो. तेव्हा पाय क्षणाक्षणाला हलका करत, थोडा ब्रेक वळणाच्या आतपर्यंत नेऊन मग सोडायचा. हे सगळं जेमतेम दोन सेकंदांत, मान ५ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट, झटका सोसत असताना.

मी हौशी कार्टिंग करतो, म्हणजे छोट्या, उघड्या रेसिंग गाड्या चालवतो. सुरुवातीला वळणावर ब्रेक झटकन सोडायचो आणि कार्ट सरळच पुढे ओढली जायची. एके दिवशी पाय हळूहळू उचलला, वजन पुढच्या टायरांवर टिकून राहिलं आणि कार्ट अलगद आतल्या कडेला जाऊन चिकटली. तो क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो.