मदत हवी: जर्मन गिऱ्हाईक बोल्टमागचा कार्बन विचारतंय, तारेचा आकडा कुठून आणू?

मंडळी, वाळूज एमआयडीसीत आमचं नट-बोल्टचं छोटं युनिट आहे. पस्तीस माणसं, दोन पाळ्या. 2022 च्या फेब्रुवारीत युरोपनं चिनी बोल्टांवर 22.1 ते 86.5 टक्के अँटी-डम्पिंग ड्यूटी (फार स्वस्तात माल ओतण्याविरुद्धचा जादा कर) लावली आणि त्याच वर्षी एक जर्मन गिऱ्हाईक आम्हाला शोधत आलं. एकट्या चीनवर विसंबायचं नाही, भरवशाच्या देशातला माल पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही कर्ज काढून हेडिंगचं, म्हणजे तारेवर बोल्टचं डोकं मारायचं, दुसरं मशीन घेतलं.

आता तेच गिऱ्हाईक म्हणतंय, एक टन माल बनवताना किती कार्बन हवेत जातो ते लिहून द्या. 1 जानेवारी 2026 पासून युरोपचा सीबीएएम, म्हणजे सीमेवरचा कार्बन कर, पक्का लागू झालाय आणि बोल्टही त्यात आहेत.

आमच्याकडं जळतो तो फक्त हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतला गॅस. त्याची बिलं फायलीत आहेत. खरा कार्बन आहे वायर रॉडमध्ये, म्हणजे बोल्टच्या तारेत, आणि ती आम्ही डीलरकडून घेतो. डीलरला विचारलं तर म्हणे, "टेस्ट सर्टिफिकेटवर कार्बन लिहिलेलाच असतो की, तोच द्या!" (अहो, तो स्टीलमधला कार्बन, 0.20 टक्के वगैरे. हसावं का रडावं?)

मेहुणा जालन्यात रोलिंग मिलवर आहे. तो म्हणतो, आमचं स्टील घ्या, भंगार वितळवून केलेलं, कोळशाची भानगडच नाही. पण दाजी, तुमची सळई स्लॅबला ठीक. 10.9 ग्रेडच्या (जास्त ताकदीच्या) बोल्टला हेडिंगची तार लागते. भंगारातलं तांबं उतरलं तर डोकं मारतानाच चीर जाते.

तर तारेचा आकडा नेमका मागायचा कुणाकडं? आम्ही वर्षाला 40 टनच पाठवतो. 50 टनांपर्यंत माफी आहे असं ऐकलं, ती आम्हाला लागू होईल का? आणि छतावर सोलर बसवलंय, त्याचा काही फायदा?

एक खदखद सांगूनच टाकतो. भरवशाचे म्हणून बोलवायचं अन् दारात आल्यावर पावती फाडायची, ही कुठली रीत? अमेरिकेनं तर युरोप, जपान, कॅनडा या आपल्याच दोस्तांच्या स्टीलवर 2018 मध्ये 25 टक्के आणि 2025 मध्ये 50 टक्के लावले. तिथं आपला काय पाड!

एक्स्पोर्टवाला_चाकण:
दादा, आधी माफीचं. 50 टन तुमचे नाहीत, गिऱ्हाइकाचे. त्यानं वर्षभरात सगळ्या देशांतून आणलेलं स्टील, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, सगळं मिळून मोजतात. तो मोठा असेल तर तुमचा एक टनही सुटत नाही. कर मात्र तो भरणार, तुम्ही नाही. पण भावात कापून घेईल, हे धरून चाला.

सोलरचं ऐकून वाईट वाटेल. लोखंड-पोलादात सध्या फक्त थेट उत्सर्जन धरतात, विजेचं नाही. बिल वाचेल तेवढंच.

तारेसाठी डीलरच्या मागं लागू नका. टेस्ट सर्टिफिकेटवर मिलचं नाव आणि हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा नंबर) असतो, तो घेऊन थेट मिलला लिहा. युरोपला माल देणाऱ्या मिलना 1 ऑक्टोबर 2023 पासून हे आकडे काढावेच लागतायत. पुढच्या पीओत (खरेदी ऑर्डरीत) अटच टाका: कार्बनचा आकडा नाही तर माल नाही. आकडा नाही मिळाला तर युरोपनं ठरवलेला कार्बनचा आकडा लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलाय. खरा आकडा दिलात तर तोही मान्यताप्राप्त तपासनीसाकडून पडताळून घ्यावा लागतो. छोट्या युनिटला तो खर्च जड जातो. गिऱ्हाइकाशी वाटून घ्या.

भट्टीवाला:
"2026 मध्ये अडीच टक्केच भरायचं" असं सांगत फिरणाऱ्यांवर जाऊ नका. ते अडीच टक्के युरोपच्या बेंचमार्कपर्यंतच्या, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या उत्सर्जनाच्या पातळीपर्यंतच्या भागाचे. त्याच्या वर जेवढं उत्सर्जन, तेवढं पूर्ण धरतात. आपल्या ब्लास्ट फर्नेसची (कोळशाच्या भट्टीची) तार कुठं बसते ते तुम्हीच बघा. आणि आपल्या सरकारनं डिसेंबर 2024 मध्ये टनामागे 2.2 टन कार्बन डायऑक्साइडच्या खालच्या स्टीलला ग्रीन म्हटलंय, चांदण्याही दिल्यात, पण ती मोजणी वेगळी. चांदणी दाखवून जर्मन ऐकायचा नाही.

धागाकर्ता:
आभार दोघांचेही. सर्टिफिकेटं काढून बसलोय. चार हीट नंबर, मिल मात्र तीन निघाल्या! डीलर एकाच भावात तीन घरची तार देत होता, हे आज कळलं. तिघांनाही मेल टाकलाय. गिऱ्हाइकानं युरोपात पहिला हिशोब 30 सप्टेंबर 2027 पर्यंत भरायचाय, पण माझी ऑर्डर पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचीय. मिलकडून उत्तर आलं की इथंच टाकतो. कुणी तपासनीसाची फी भरली असेल तर आकडा सांगा, व्यनि केला तरी चालेल.